शिवगंगा ऑपरेशनला गेली नाही

निलंग्याहून औरादकडं जाणाऱ्या रस्त्याला एक गाव लागतं आणि गावाच्या तोंडाशीच शिवगंगाचं मिरची कांडप आहे. ते शोधायला डोळे लागत नाहीत, नाक पुरतं. फाल्गुन लागला की रस्त्यानं जाणारे मोटारसायकलवाले तिथं आल्यावर हमखास शिंकतात. पत्र्याची शेड, आत धाडधाड पडणारे लोखंडी डंके, आणि तोंडाला फडकं बांधून मिरची चाळणारी शिवगंगा. नवरा शिवकुमार शेत बघतो, कांडप हिचं. आसपासच्या गावांतली मिरची तिच्याकडंच येते, कारण ती एकाची मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळू देत नाही आणि कुणाची घाई ऐकून घेत नाही. जास्त कुणी कटकट केली तर पोतं बांधून परत देते आणि म्हणते, "घरी उखळ हाय न्हवं? कुटा जावा."

अशा बाईला अडतिसाव्या वर्षी असं दुखणं लागावं, की ज्याचं नाव चारचौघांत घ्यायची सोय नाही.

दुखायचं ओटीपोटात. लघवी जरा साठली की आत डंके पडायला लागायचे. जाऊन आलं की थोडा वेळ बरं वाटायचं, की पुन्हा तेच. दिवसातून किती वेळा जावं लागतं, हे मोजायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. शेडच्या मागं चार पत्रे उभे करून तिनं मोरी केली. एका गिऱ्हाइकाची मिरची संपली की मोरी, दुसऱ्याची सुरू करायच्या आधी मोरी. लग्नाला जायचं तर आधी कार्यालयातली मोरी कुठं आहे ते विचारायचं, अक्षता नंतर. पुढं पुढं तिनं लग्नाला जाणंच सोडलं. पाणी पिणंही सोडलं. पाणी प्यायलं नाही तर जावं लागणार नाही, असा तिचा हिशेब होता, आणि तो साफ चुकत होता.

निलंग्याच्या डॉक्टरनं लघवी तपासली. स्वच्छ. सोनोग्राफी केली. स्वच्छ. गोळ्यांचा कोर्स झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. रिपोर्ट चांगला आला की घरचे खूश व्हायचे आणि शिवगंगाला रडू यायचं. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे पोटात काही नाही, आणि पोटात काही नाही म्हणजे ही बया नाटक करते, असं कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

गावानं मात्र निदान केव्हाच करून टाकलं होतं. उष्णता. दिवसभर मिरचीत बसते, उष्णता अंगात शिरली, उन्हाळी लागली. आणि उष्णतेवर इलाज काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सकाळी तांब्याभर लिंबूपाणी. दुपारी ताक. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं. बाकी दिवस चिंचेचा कोळ, त्यात गूळ घालून. सासू सिद्धम्मा रोज सकाळी स्वतःच्या हातानं लिंबू पिळायची आणि समोर उभं राहून तांब्या रिकामा करायला लावायची. "पी. आतली आग थंड हुती," असं म्हणून स्वतःही उरलेलं प्यायची. त्यात माया होती, यात शंका नाही. माणसाला मायेनंही छळता येतं.

वेळ अमावस्येला हे सगळं निकराला आलं. आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, पूजा करायची, आणि मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून चांगलं आंबवलेलं हे आंबील म्हणजे येळवशीचा जीव. पाहुण्याला जेवायला नाही बोलावलं तरी चालेल, पण आंबील पाजल्याशिवाय सोडायचं नाही. ज्याच्या त्याच्या कोपीत गेलं की वाटी पुढं आलीच. शिवगंगाला उष्णता आहे हे सगळ्या शिवाराला माहीत, त्यामुळं तिला आग्रह जास्त. "घे गं, थंड असतंय." तिनं किती वाट्या घेतल्या देव जाणे. दुपारी ती तुरीच्या पाट्यात, ओळींच्या आडोशाला जाऊन बसली ती उठेना. उठता येईना. शिवकुमारनं तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवं घालून घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी घरात ठरलं, की आता बास, काढून टाकायची.

काढून टाकायची म्हणजे गर्भपिशवी. लातूरच्या एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मागंच सांगून ठेवलं होतं: थोडी सूज दिसते, दोन लेकरं झालीत, आता ठेवून काय करता. त्या गावात बाईचं बेंबीच्या खाली काहीही दुखलं, की सगळ्या वाटा तिथंच जायच्या. खुद्द सिद्धम्माची काढलेली. शिवगंगा लग्न होऊन या घरात आली त्याच्या मागच्याच वर्षी. शेजारच्या साखराबाईची तिच्याबरोबरच काढलेली. दोघी एकाच दवाखान्यात, शेजारशेजारच्या खाटांवर. त्या दवाखान्यातून दोघी आल्या त्या बहिणी होऊनच. घरातला पिचलेला माठ बाहेर ठेवावा इतक्या सहजपणे हे चालायचं, आणि माठ बाहेर ठेवतानाही बाई दोनदा वाजवून बघते.

"मी काढली. काय झालं मला?" सिद्धम्मा म्हणाली. "चार दिवस दुखंल. मग मोकळी."

"आत्याबाई, माझं दुखणं लघवीचं हाय," शिवगंगा म्हणाली. "लघवी साठली की दुखतंय. झाली की ऱ्हातंय. त्याच्यात गर्भपिशवीचा काय संबंध?"

"डॉक्टर म्हणले न्हवं?" शिवकुमार म्हणाला. "तू डॉक्टरपेक्षा शहाणी हायस का? कांडपाचा हंगाम लागायच्या आत उरकून घिऊ."

शिवकुमार वाईट माणूस नव्हता. बायकोला कण्हताना बघून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि एवढ्या टेकीला आलेल्या माणसाला काहीतरी केल्याचं समाधान लागतं. काय केलं याचा विचार तो मागाहून करतो.

शिवगंगाचं माहेर लोह्याचं. भाऊ सुदर्शन नांदेडला शाळेत मास्तर आणि वहिनी अपूर्वाही त्याच शाळेत. शिवगंगानं अपूर्वाला फोन लावला. रडण्यासाठीच लावला होता, पण अपूर्वा रडू देणाऱ्यातली नव्हती.

"ताई, लघवीच्या डॉक्टरला दाखवलं का?"

"कुणाला?"

"लघवीच्या मार्गाचा डॉक्टर वेगळा असतो. मुतखडा बघतो तो."

"ते पुरुषांचं असतंय न्हवं?"

"कुणी सांगितलं?"

शिवगंगानं आठवून बघितलं. कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ते माहीतच होतं. बाईला बायकांचा डॉक्टर, पुरुषाला मुतखड्याचा. चार वर्षं तिला लघवीचं दुखणं होतं आणि चार वर्षांत लघवीच्या डॉक्टरच्या पायरीवर तिनं पाय ठेवला नव्हता. तिला स्वतःचाच असा राग आला की फोन ठेवल्यावर तिनं चाळणी भिंतीवर आपटली.

"इकडं या," अपूर्वा म्हणाली होती. "आधी दुखतंय काय ते बघू. काढायचं असंल तर मग काढा."

शिवकुमारला हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हाताऱ्या पुरुषांच्या रांगेत त्याची बायको बसणार, हे चित्रच त्याला बघवेना. दवाखान्यात खाट सांगून ठेवली होती, सोमवारी दाखल व्हायचं होतं. विषय संपला, असं तो म्हणाला.

सोमवारी निलंगा गाडीनं तिघं लातूरच्या स्टँडवर उतरली. शिवगंगा, शिवकुमार, आणि दवाखान्यात उशाशी बसायला सिद्धम्मा. उतरल्याबरोबर शिवगंगा मोरीकडं पळाली. परत येते तर शिवकुमार रिक्षावाल्याशी घासाघीस करत होता, सिद्धम्मा बॅगेशेजारी फरशीवर बसली होती, आणि फलाटाला नांदेडची गाडी लागलेली होती. ती तिनं शोधली नव्हती. ती समोर उभी होती. इंजिन चालू होतं.

"चल," शिवकुमार म्हणाला. "रिक्षा ठरली."

"मी येत न्हाई."

"कुठं येत न्हाईस?"

"दवाखान्यात. मी नांदेडला चालले."

शिवकुमारनं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. ऐकलं होतं. स्टँडवर माणसांना दुसरं काम काय असतं. "गंगे, तमाशा करू नको. खाट सांगून ठिवलीय."

"दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

"डॉक्टर वाट बघूलालेत."

"बघू द्या. माझं पोट हाय. चार वर्सं मी दुखवून घिऊलाले, तुमच्यातलं कुणी एक दिवस बी दुखवून घेतलं न्हाई. कापायची असंल तर कापून घेते, पण आधी दुखतंय काय ते तर कुणी बघू दे. न बघता मी टेबलावर झोपणार न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई."

हे ती ओरडून बोलली नाही. मिरचीचं पोतं परत देताना बोलायची त्याच आवाजात बोलली. शिवकुमारला तो आवाज ठाऊक होता. त्यानं आईकडं बघितलं.

"अव्वा, तू तरी सांग हिला."

सिद्धम्मा उठली. गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर सारखा केला, बॅग उचलली आणि नांदेडच्या गाडीत चढली. दारातून वळून मुलाला म्हणाली, "एकलीला कसं धाडावं? तू जा घरी. म्हशीला वैरण टाक."

शिवकुमार रिक्षावाल्याशेजारी उभा राहिला तसाच. रिक्षावाल्यानं विचारलं, "मग जायचं न्हाई का?" आणि शिवकुमारनं त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सासू आपल्याबरोबर का आली, हे शिवगंगाला कळलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही. दोघींची अर्धी तिकिटं निघाली, दाराजवळची सीट मिळाली, आणि चाकूर मागं पडेपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग डंके सुरू झाले.

"मास्तर, गाडी थांबवा जरा," ती कंडक्टरला म्हणाली.

"इथं थांबा नाही. आता अहमदपूर."

"मला लघवीला जायचंय."

कंडक्टर पोरसवदा होता, बिचारा लाजला. "ताई, थोडं दम धरा. टाइम होतोय."

"दम धरून धरूनच हे झालंय," शिवगंगा म्हणाली, आणि हे मात्र सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली. "गाडी थांबवा, न्हाई तर मी इथंच बसते. मग धुवा तुमची गाडी."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि एका बाभळीच्या बनाजवळ गाडी कडेला घेतली. शिवगंगा उतरली. तिच्या मागून एक बाई उतरली. मग आणखी एक. मग कडेवर लेकरू घेतलेली एक. मग कॉलेजच्या दोन पोरी, खाली मान घालून. बघता बघता गाडीतल्या बहुतेक बायका खाली उतरून बाभळीमागं पांगल्या. लातूरपासून सगळ्या गप्प बसून होत्या, आणि पहिलं कुणी बोलतंय का याची वाट बघत होत्या. सिद्धम्मा सगळ्यांत लांब गेली आणि सगळ्यांत शेवटी, पोटावर हात दाबून, हळूहळू परत आली. शिवगंगाला वाटलं, वय झालं म्हातारीचं.

लोह्याच्या अलीकडं ड्रायव्हरनं गाडी आपणहून हळू केली आणि मागं वळून विचारलं, "ताई, थांबू का?"

नांदेडला दुसऱ्या दिवशी सुदर्शननं दोघींना दवाखान्यात सोडलं. शिवकुमारला जे चित्र बघवत नव्हतं ते तिथं जसंच्या तसं होतं. बाकांवर धोतरवाले, पायजमेवाले, काठीवाले म्हातारे, आणि त्यांच्यात ह्या दोघी. एका पटकेवाल्या आजोबांनी सरकून जागा दिली आणि चौकशी केली, "पेशंट कुठाय तुमचा?"

"मीच हाय."

"तुम्ही?"

"हाव. बायकांना लघवी नसती का?"

आजोबा काठीकडं बघत म्हणाले, "आमच्या घरातली बी लई तरास सांगती. तिला कधी आणलं न्हाई."

डॉक्टर वयानं मध्यम, बोलायला सावकाश. त्यानं आधीच्या रिपोर्टांवरून नजर फिरवली, ते बाजूला ठेवले आणि विचारायला लागला. लघवी साठली की दुखतं आणि झाली की कमी होतं, असं आहे का? शिवगंगा म्हणाली, हाव. रात्री उठावं लागतं? हाव. बाहेर जायचं म्हणजे आधी मोरी कुठंय ते बघता? हाव. चार वर्षांत हे प्रश्न तिला कुणी विचारले नव्हते. प्रत्येक प्रश्नाला तिचे डोळे भरून येत होते, आणि ती दर वेळी पदरानं पुसून पुढचं उत्तर देत होती.

"आंबट खाल्लं की वाढतं का?"

ती थांबली. असं तिनं कधी लावून बघितलंच नव्हतं. सकाळचं लिंबूपाणी. दुपारचं ताक. चिंचेचा कोळ. येळवशीच्या त्या आंबिलाच्या वाट्या, आणि मग तुरीचा पाटा. आग विझवायला म्हणून रोज तांब्या भरभरून तेल ओतलं होतं.

"हाव," मागून आवाज आला.

डॉक्टरनं वर बघितलं. भिंतीजवळच्या स्टुलावर सिद्धम्मा बसली होती.

"आजी, मी यांना विचारतोय."

"मला बी तसंच हुतंय. आंबट खाल्लं की."

"तुम्हालाही दुखतं? किती वर्षं?"

"लई झाली. ही घरात यायच्या आधीपासून."

शिवगंगा वळून बघत राहिली. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमची तर काढल्याली हाय."

"हाव. काढल्याली हाय." सिद्धम्मा आपल्या हातांकडं बघत होती. "ती गेली. दुखणं हितंच राहिलं."

शिवगंगाला संताप आला. या बाईनं वीसेक वर्षं हे सोसलं होतं, आणि सगळं ठाऊक असून ती तिला त्याच टेबलाकडं घेऊन निघाली होती. "मग मला कामून घिऊन चाललाव्ता?" तिनं विचारलं. डॉक्टर समोर आहे याचं तिला भान राहिलं नाही.

"मला वाटलं, समद्यांचं जातंय," सिद्धम्मा म्हणाली. "माझंच तेवढं न्हाई गेलं. साखरीचं गेलं म्हणती. तुझ्या सासऱ्यानं दुभती म्हैस इकून माझं ऑपरेशन केलतं. घरी आल्यावर पुन्यांदा दुखायलं, तर म्हणू कसं? कोणत्या तोंडानं म्हणू? गप बसले. मग गप बसायचीच सवय लागली." तिनं नाक शिंकरलं. "काल स्टँडवर तू म्हणलीस न्हवं, आधी दुखतंय काय ते बघा. मला तसं म्हणायला आलं नव्हतं."

संताप कुणावर काढावा हे शिवगंगाला कळेना, कारण समोर बसलेली बाई तिच्या आधी फसली होती आणि तिच्यापेक्षा जास्त. शेवटी ती डॉक्टरकडं वळली. "दोघींचं बघा," ती म्हणाली.

भूल देऊन दुर्बिणीतून तपासणी झाली. शिवगंगाच्या मूत्राशयाचं आतलं अस्तर सोलल्यासारखं लाल झालं होतं. सिद्धम्माचं त्याहून जुनं, त्याहून हट्टी. दुखण्याचं नाव लांबलचक होतं आणि दोघींनी ते पाठ करायचा प्रयत्न केला नाही. डॉक्टरनं सरळ सांगितलं, की हे मुळापासून जात नाही, पण हाताशी ठेवता येतं. आंबट, तिखट, चहा, सगळं काही आठवडे बंद, मग एकेक करून खाऊन बघायचं, की काय सोसतं आणि काय नाही. पाणी थांबवायचं नाही, थोडं थोडं पीत राहायचं. गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, आणि ठरलेल्या दिवशी नळीतून मूत्राशयात औषध. आणि व्यायाम. तो शिकवायला एक तरुण मुलगी होती. दुखू नये म्हणून वर्षानुवर्षं तुम्ही आतून सगळं आवळून धरलंय, ती म्हणाली, ते आधी सोडायला शिका. आवळायला सगळेच सांगतात, सोडायला शिकवणारी पहिलीच भेटली, असं सिद्धम्मा म्हणाली.

सुदर्शनच्या हॉलमध्ये रोज सकाळी सासू-सून चटईवर शेजारीशेजारी उताण्या पडून पोट फुगवायच्या आणि सोडायच्या. सुदर्शन तेवढा वेळ गॅलरीत उभा राहून चहा प्यायचा आणि आत येऊ का म्हणून दोनदा विचारायचा. एकदा असंच पडल्या पडल्या सिद्धम्मा म्हणाली, "रोज तांब्याभर लिंबू पाजलं गं तुला मी."

"उरलेलं तुम्हीच पेत होताव," शिवगंगा म्हणाली.

सिद्धम्माला हसू फुटलं, मग दोघींना आवरेना. व्यायाम त्या दिवशी राहूनच गेला.

महिन्याभरानं रुपयात दहा आणे फरक पडला. शिवगंगा रात्री सलग झोपायला लागली, आणि सलग झोपलेलं माणूस कसं असतं हे तिला आठवलं. दोघी गावाकडं परतल्या तेव्हा कांडपाचा हंगाम तोंडावर आला होता. माफी मागायची रीत त्या घरात नाही. पण शिवकुमारनं शेडच्या मागचे पत्रे काढून त्या जागी विटांची पक्की मोरी उभी केली होती, नळासकट. शिवगंगानं ती बघितली, दार लावून उघडून बघितलं आणि म्हणाली, "कडी आतनं बसवा." एवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं.

दुखणं गेलं असं नाही. मधूनच उसळतं. चार दिवस डंके पडतात आणि ती शेडला कुलूप लावून गरम पाण्याची पिशवी घेऊन पडते. एरवी मिरची कुटते आणि स्वतः बिनतिखटाचं वरण-भात खाते, आणि त्यावरून तिला चिडवणाऱ्यांना मिरचीचा भाव वाढवून सांगते. आता ती "आले जरा" म्हणून कुठं जात नाही. "लघवीला जाऊन येते, थांबा," म्हणते, बाप्यांसमोरसुद्धा. ज्याला थांबवत नाही त्यानं घरी उखळ शोधावं.

पावसाळा सरता सरता साखराबाईच्या घरी तीच बोलणी सुरू झाली. तिची सून दीपमाला, तीस वर्षांचीही नसेल, ओटीपोट धरून बसायची. दवाखाना तोच, सल्ला तोच, नवऱ्यानं दिवसही ठरवला. शिवगंगाला कळलं तशी ती गेली आणि म्हणाली, काढायची गरज असंल तर काढा, माझं काही म्हणणं नाही. हिला माझंच दुखणं हाय असं बी मी म्हणत न्हाई. पण आधी दुखतंय काय ते तर बघा. साखराबाईनं तिला चार बायकांदेखत झाडलं. "तू पळालीस तशी आमची सून पळवू नको. आमच्या घरचं आम्ही बघू."

शिवगंगा रागानं लाल होऊन घरी आली. सिद्धम्मा लसूण सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि चप्पल पायात घातली.

साखराबाईच्या ओसरीवर त्या बायका अजून बसल्या होत्या. दारात तिचा मुलगा उभा होता आणि दीपमाला भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी दवाखान्यासाठी भरलेली बॅग. सिद्धम्मा खाली बसली, मागोमाग आलेल्या शिवगंगालाही हाताला धरून बसवलं, आणि म्हणाली, "साखरे, तुझं गेलं का?"

"काय गेलं?"

"दुखणं. आपली काढली त्या वक्ताचं."

साखराबाईनं मुलाकडं बघितलं. "गेलं की. कवाच गेलं."

"माझं न्हाई गेलं," सिद्धम्मा म्हणाली. आवाज मोठा केला नाही, पण लपवलाही नाही. "काढून आल्यावर बी दुखायचं. परवापतोर दुखायचं. मालकाला सांगितलं न्हाई, लेकाला सांगितलं न्हाई, तुला बी सांगितलं न्हाई. तुझं गेलं म्हणून मला सांगायची लाज वाटायची. आज सांगूलाले, समद्यांदेखत. आता तू सांग. ह्या पोरीकडं बघ आणि सांग."

साखराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दीपमाला तिच्याकडं बघत होती. मुलगा दारातून पुढं आला आणि काहीतरी बोलायला गेला, तर साखराबाईनं हात वर करून त्याला गप्प केलं.

"मला वाटलं, तुझं गेलं," ती सिद्धम्माला म्हणाली.

दीपमालानं बॅग पुढं ओढली, चेन उघडली आणि आतल्या साड्या एकेक करून बाहेर काढायला लागली.